बावरीचे भय आणि गोदावरीचा काठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे हे संपादित रूप.)

धर्माबादहून निजामाबादकडे जाणारी गाडी बासर स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात गोदावरीच्या पुलावर येते. पुलाचा खडखडाट सुरू झाला की डब्यातली माणसे खिडक्यांकडे सरकतात. कोणी हात जोडतात, कोणी नदीत नाणे टाकतात. लहान मुलांच्या हातावर नाणे ठेवून आईबाप ते त्यांच्याकडून टाकवून घेतात. पुलाच्या लोखंडाला लागून नाणे पाण्यात न पडता अडकले तर माणसे चुकचुकतात.

हा प्रवास मी लहानपणापासून करत आलो. आमच्या घरात नदीत पैसे टाकायची रीत नव्हती. पण एकदा शेजारच्या काकूंबरोबर निघालो होतो, तेव्हा त्यांनी त्यांच्या मुलाबरोबर माझ्याही हातावर दहा पैसे ठेवले. मीही ते टाकले. का टाकायचे, असे विचारल्यावर काकू म्हणाल्या, "टाकावं बाबा, बरं असतं."

"बरं असतं" हे विधीचे सगळ्यात छोटे आणि सगळ्यात जुने कारण आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. नाही टाकले तर? तिथे माणूस गप्प होतो. हा दुसरा प्रश्न आमच्याच या नदीकाठावरून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला गेला, त्याच्या उत्तरासाठी सोळा माणसे पायी मगधापर्यंत गेली, आणि ते सगळे पाली भाषेत लिहून राहिले आहे, हे मला फार उशिरा कळले. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

बौद्ध वाङ्मयात 'सुत्तनिपात' नावाचा फार जुना ग्रंथ आहे. धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे मराठी भाषांतर केले. या ग्रंथाच्या शेवटच्या भागाला 'पारायनवग्ग' म्हणतात. त्याच्या आरंभी बावरी नावाच्या एका ब्राह्मणाची कथा येते. ही कथा पुढच्या प्रश्नोत्तरांपेक्षा नंतरची असावी, असे अभ्यासक मानतात. पण तिच्यात आपला मुलूख अगदी नावानिशी आला आहे.

बावरी मूळचा उत्तरेतला, कोसल देशाचा. तो दक्षिणापथात आला आणि अस्सक राजाच्या मुलुखाच्या सीमेवर, गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहिला. अस्सक म्हणजे संस्कृतातला अश्मक. त्या काळच्या सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेला असलेले हे एकच. त्याची राजधानी पोतली किंवा पोतन. ते गाव म्हणजे आजचे बोधन, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आमच्या पिढीला बोधन म्हणजे निजामाच्या काळातल्या साखर कारखान्याचे गाव. धर्माबादहून गोदावरी ओलांडली की ते फार लांब नाही. जवळच कंदकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते. बावरीच्या आश्रमाची जागा अमुकच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेलंगणात निर्मल जिल्ह्यातल्या बादनकुर्तीचे नाव घेतले जाते. नांदेडजवळ दाभडला बौद्ध समाजाने उभारलेल्या महाविहाराच्या परिसराचे नावच बावरीनगर आहे. जागा कोणतीही असो, काठ हाच आहे.

बावरी वेचलेल्या धान्यावर आणि फळांवर राहत असे. शेजारच्या गावाच्या उत्पन्नातून त्याने एक महायज्ञ केला. होते नव्हते ते दान करून टाकले आणि तो आश्रमात परतला. तेवढ्यात दुसरा एक ब्राह्मण दारात आला. पाय सुजलेले, दात किटलेले, डोक्यावर धूळ. बावरीने त्याला बसवले, विचारपूस केली. त्याने पाचशे नाणी मागितली. बावरी म्हणाला, माझ्याजवळ होते ते सगळे देऊन झाले, आता काही नाही. तेव्हा पाहुण्याने कसलेसे विधी करत शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.

बावरीची अवस्था काय झाली पाहा. आयुष्यभर वेदविद्येत मुरलेला माणूस. नुकताच मोठा यज्ञ केलेला, सर्वस्वाचे दान केलेला. पण एका अनोळखी माणसाच्या शापाने त्याचे अन्न सुटले. तो वाळू लागला. इतके सगळे विधी केले, पण त्यांतला एकही विधी त्या भयाच्या वेळी उपयोगाला आला नाही. मला या कथेत सगळ्यात खरे वाटते ते हे.

मग एक देवता येऊन त्याला सांगते, तो माणूस ढोंगी आहे, डोके म्हणजे काय आणि ते फुटते कशाने, हे त्याला ठाऊकच नाही. ते जाणणारा उत्तरेत आहे, त्याला बुद्ध म्हणतात. बावरी स्वतः म्हातारा झालेला, त्याला एवढा प्रवास झेपणार नव्हता. त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. अजित, तिस्स मेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, उपसीव, नंद, हेमक, तोदेय्य, कप्प, जतुकण्णी, भद्रावुध, उदय, पोसाल, मोघराज आणि पिंगिय. ते कोणत्या वाटेने गेले, तेही ग्रंथात आहे. आधी पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण. मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुसिनारा, वैशाली आणि शेवटी मगध. इथल्या माणसांच्या एवढ्या लांबच्या पायी प्रवासाचे इतके जुने वर्णन माझ्या तरी वाचनात दुसरे नाही. हे लोक लुटायला किंवा व्यापाराला निघाले नव्हते. गुरूच्या मनातली भीती घेऊन ते निघाले होते.

बुद्धाने डोक्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले ते असे. अविद्या हेच डोके. श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा आणि प्रयत्न यांच्या सोबतीने येणारी विद्या त्या डोक्याचे शकल करते. म्हणजे जे फुटायचे आहे ते अज्ञान आहे. शापाचा अर्थच उलटा झाला. ज्या गोष्टीला बावरी घाबरत होता, ती घडणे चांगलेच होते.

यानंतर सोळा जणांनी आपापले प्रश्न विचारले. त्यांतला पुण्णकाचा प्रश्न आपल्या आजच्या विषयाचा आहे. ऋषी, क्षत्रिय, ब्राह्मण यांनी या जगात देवतांसाठी एवढे यज्ञ केले ते कशासाठी, आणि त्यांनी ते जन्म आणि म्हातारपण तरून गेले का? उत्तराचा सारांश असा की, काहीतरी मिळावे म्हणून, म्हातारपणाच्या काळजीने त्यांनी यज्ञ केले. पण ते तरून गेले नाहीत. मग तरला कोण? ज्याच्या मनातली धग आणि धूर निवला तो. मूळ पालीत तिथे 'विधूम' असा शब्द आहे. समोर यज्ञ करणाऱ्याचा शिष्य बसलेला, आणि त्याला उत्तर देताना त्याच्याच यज्ञकुंडातला धूर उचलून शब्दात ठेवला आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला असा शब्द पाहिला की हेवा वाटतो. बावरीचा किंवा यज्ञ करणाऱ्यांचा अपमान त्यात नाही. प्रश्न फक्त एवढाच की, हे करून तुमची भीती गेली का?

आता कोणी म्हणेल, मग बौद्धांनी विधी टाकूनच दिले असतील. तसे झाले नाही, आणि इतिहासाची गंमत तिथेच आहे. विधींना आणि व्रतांना चिकटून बसणे हे बंधन आहे, असे बौद्ध विचार स्पष्ट सांगतो. पण माणसांना एकत्र यायला दिवस लागतो, जागा लागते, काही शब्द लागतात. विनयपिटकात एक प्रसंग आहे. दुसऱ्या पंथांचे परिव्राजक पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या दिवशी जमून धर्म सांगत. लोक ऐकायला जात आणि त्यांच्याकडे ओढले जात. मगधाचा राजा बिंबिसार बुद्धाला म्हणाला, आपल्या भिक्षूंनीही या दिवशी जमावे. बुद्धाने ते मान्य केले. भिक्षू जमले, पण नुसतेच गप्प बसू लागले. लोक चिडून म्हणाले, मुक्या डुकरांसारखे हे काय बसणे? मग त्या दिवशी धम्म सांगायची रीत पडली. हाच 'उपोसथ'. हा शब्द वैदिक 'उपवसथ'वरून आला. सोमयागाच्या आदल्या दिवशीच्या व्रताला उपवसथ म्हणत. आपला 'उपवास' त्याच घराण्यातला. म्हणजे आज शनिवारचा उपवास करणारी बाई आणि पौर्णिमेला अष्टशील घेणारी उपासिका, दोघींच्या शब्दाचे माहेर एक आहे.

वर्षावासाचेही तसेच. भिक्षू पावसाळ्यातही गावोगाव फिरत. लोक म्हणू लागले, हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून एका जागी राहतात, यांना तेवढेही कळत नाही? तेव्हा बुद्धाने पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायचा नियम केला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. वैदिक परंपरेत चातुर्मास होता, जैन साधूंचा होता, आजही आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात, असे वारकऱ्याच्या घरी सांगतात. कारणे वेगवेगळी सांगितली जातात, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच पाऊस आहे. आमच्या तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, या बंधाऱ्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत. हा पाणीवाटपाचा हिशेब आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही. पण तारखा पाहिल्या की हसू येते. साधूंनी थांबायचे आणि नदीने वाहायचे दिवस जवळजवळ तेच.

त्याच आषाढ पौर्णिमेला बासरला गर्दी असते. बासर म्हणजे सरस्वतीचे ठाणे. व्यासांनी गोदावरीची वाळू आणून इथे देवीची मूर्ती केली, म्हणून हे व्यासर आणि त्याचे बासर झाले, अशी कथा सांगतात. म्हणून तिथे व्यास पौर्णिमेचे, म्हणजे गुरुपौर्णिमेचे महत्त्व. बौद्धांसाठी तीच पौर्णिमा सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची आणि वर्षावास सुरू होण्याची. एकच चंद्र नदीच्या एका घाटावर व्यासांसाठी उगवतो आणि गावच्या विहारावर बुद्धासाठी. बासरला मधुकरी मागण्याचीही रीत आहे. विद्या मागायला आलेला भक्त गावात भिक्षा मागून जेवतो. मधुकरी म्हणजे मधमाशीसारखे थोडे थोडे घेणे. धम्मपदातही भिक्षूने गावात कसे फिरावे हे सांगताना भुंग्याचाच दृष्टान्त आहे. कोणी कोणाचे घेतले, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. झोळी दोघांचीही रिकामीच होती.

मधल्या काळाचा इतिहास मोठा आहे, इथे धावतच सांगतो. वाकाटकांच्या वाशिम ताम्रपटात 'नंदीकट' म्हणून जे नाव येते ते नांदेडचे, असे मानले जाते. याच वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघासाठी कोरवून घेतले. त्याचे घराणे ब्राह्मण होते, हे घटोत्कच लेण्यातल्या लेखावरून कळते. वेरुळला पहिली बारा लेणी बौद्धांची, त्यापुढची हिंदूंची, शेवटची जैनांची, एकाच डोंगरात ओळीने. पुढे बौद्ध संघ या भागातून हळूहळू नाहीसा झाला. लेणी राहिली, गावांना अर्थ विसरायला झाला. मूर्तीला शेंदूर लागला, कुठे तिला पांडवांचे नाव मिळाले. विधी विचारावाचून जगू शकतो. हे त्याचे बळ आहे आणि त्याचा धोकाही तोच आहे.

आता १९५६ कडे येतो. त्या वर्षीच्या शरद ऋतूत आमच्या भागात दोन मोठे बदल पंधरवड्याच्या अंतराने झाले. १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि मग लाखो लोकांना दीक्षा दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्रात गेली, धर्माबाद इकडे राहिले. बासरचे देऊळ आणि धर्माबादचा मोंढा यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. अर्थात सीमेने माणसे थांबली नाहीत. बासरला मुलाला पहिले अक्षर काढून द्यायला मराठी माणसे जातच राहिली, आणि धर्माबादच्या तेलुगू घरांतून नवरात्रात बतुकम्माची फुले रचली जातच राहिली.

नागपूरची बातमी गावोगाव पोचली आणि नांदेड जिल्ह्यात पुढची काही वर्षे दीक्षेचे कार्यक्रम होत राहिले. ज्यांनी जुने देव सोडले त्यांनी नेमके काय सोडले, हे आज शहरात बसून पटकन कळत नाही. आपल्याला वाटते, एक देव गेला, दुसरा आला. पण खेड्यातला सण म्हणजे नुसती पूजा नव्हती. तो कामाचा वाटपपट होता. पोळ्याला मानाचा बैल कोणाचा, हे ठरलेले. अनेक गावांत होळीचा विस्तव महारवाड्यातून आणायचा, मरीआईच्या रेड्याचे काम कोणी करायचे, मयताची चिठ्ठी घेऊन कोणी पळायचे, मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे सगळे ठरलेले. हलगी मांगाने वाजवायची, हेही ठरलेले. यातल्या बऱ्याच गोष्टींना 'मान' असे नाव होते. त्या मानाच्या बदल्यात शिळी भाकरी मिळे. दीक्षा घेतलेल्या माणसाने "आम्ही आता हे करणार नाही" असे म्हटले, तेव्हा गावाला वाटले, देवाचा अपमान झाला. खरे तर गावाचे फुकटचे मनुष्यबळ गेले होते. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही असेही आहे, ब्राह्मणाकरवी विधी करून घेणार नाही असेही आहे. पुण्णकाने जो प्रश्न विचारला होता, त्याचे हे लोकांनी आपल्या अंगावर घेतलेले उत्तर होते. कोणी वाळीत पडले, कोणाचे पाणी तुटले.

माझ्या शाळेतल्या एका मित्राची आजी या सगळ्यातून गेलेली. मी तिला माय म्हणत असे. दीक्षेच्या वेळी तिच्या सासऱ्याने घरातले टाक, परडी, मरीआईचा तांदळा, सगळे एका फडक्यात बांधले आणि गोदावरीत सोडले. फडके घेऊन जाणाऱ्यांत तीही होती. त्यानंतर वर्षभरात तिचे एक लेकरू तापाने गेले. गावातल्या बायका म्हणाल्या, आईला नदीत टाकलं, तिनं घेतलं. माय कोणाला काही बोलली नाही. पण रात्री उठून ती उंबऱ्यावर बसायची. हे तिने मला सांगितले तेव्हा मी बी.ए.ला होतो आणि मोठ्या तोऱ्यात विचारले होते, "माय, देव सोडताना भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "देव एका दिसात सोडले बाबा. भेव सोडायला लई वर्सं लागले."

बावरीची कथा मी यानंतर काही वर्षांनी वाचली. शापाने अन्न सुटलेला तो म्हातारा आणि उंबऱ्यावर बसलेली माय, मला एकाच घरातली वाटली.

भीती एकटी देवाचीच नव्हती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्याने त्यात फार सोसले आणि नांदेड जिल्ह्यानेच त्यात फार वाईट वागून दाखवले. मी तेव्हा लहान होतो. मला एवढेच आठवते की, माझ्या बाकावरचा हा मित्र बरेच दिवस शाळेत आला नाही, आणि गुरुजींनी हजेरी घेताना त्याच्या नावावर क्षणभर थांबून पुढचे नाव घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तो दिवस संक्रांतीचा. आता त्या दिवशी एका गल्लीत तिळगूळ आणि सुगडे असतात, दुसऱ्या गल्लीत निळे झेंडे. दसऱ्याचेही तसेच. कोणी आपट्याची पाने देतो, कोणी पांढरे कपडे घालून अशोक विजयादशमीला निघतो. आषाढ पौर्णिमेचे आधी सांगितलेच. बिंबिसाराने सुचवलेली जुनीच गोष्ट इतिहासाने पुन्हा केली. दिवस तोच, माणसांनी त्यात ठेवलेला अर्थ नवा.

दिवस एक असला म्हणजे मने एक झाली, असे मात्र मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. ज्याने सोडले त्याला सोडण्याची किंमत ठाऊक आहे. "शेवटी सगळे एकच आहे हो" असे त्याला सांगणे म्हणजे ती किंमत पुसून टाकणे. सण वेगळा करणे हे त्या लोकांचे माणूस म्हणून उभे राहणे होते. शेजाऱ्याने ते ओळखावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आज वर्षावासात मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत विहारांमधून संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बायका-माणसे पांढऱ्या कपड्यांत बसून ऐकतात. शेवटी खीर होते. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते, तिथेही एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा असतो. बांधणी तीच आहे. फरक पोथीत आहे आणि कधीकधी पायरीत आहे. विहाराच्या ओट्यावर कोणी कुठे बसावे हे ठरलेले नाही. पौष पौर्णिमेच्या सुमारास दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषद भरते. खेड्यांतून माणसे भाकरी बांधून येतात. ज्या बावरीने आपली भीती उत्तरेला पाठवली, त्याच्या नावाच्या जागी बसून ते शील घेतात. इतिहासाने काढलेले हे वळण मला विलक्षण वाटते.

माझा मित्र आता निवृत्तीला आला आहे. तो म्हणतो, "आमच्यातही नवस सुरू झालेत रे. विहारात दिवा लावला की पोरगं पास होईल, असं सांगणारे आहेत." मी म्हणालो, "आमच्यात ताईत बांधणारे कमी आहेत का?" दोघेही हसलो, पण ते हसणे फार आनंदाचे नव्हते. भीती घर बदलते. ती देवळातून निघून विहारात, विहारातून दर्ग्यात, तिथून मोबाइलवरच्या भविष्यात जाऊन बसते. म्हणून पुण्णकाचा प्रश्न कुठल्याही एका धर्माला विचारून संपत नाही. आपापल्या घरात विचारावा लागतो.

शेवटी एका शब्दाबद्दल सांगतो. आपल्याकडे काम सुरू करण्याला 'श्रीगणेशा केला' म्हणतात. 'ओनामा केला' असेही म्हणतात. जुन्या काळी मुलाला धुळाक्षरे शिकवताना 'ॐ नमः सिद्धम्' असा पहिला धडा असे, त्याचे बोलीत 'ओनामासीधं' झाले. तेलुगूत मुळाक्षरांना 'ओनमालु' म्हणतात, ते त्याच कुळातले. हा 'सिद्धम्' जैनांच्या शाळेतही होता, आणि सातव्या शतकात भारतात आलेला बौद्ध प्रवासी इ-त्सिंग याने लहान मुलांच्या पहिल्या पाठाचे नाव सांगितले आहे तेही 'सिद्ध' शब्दाचेच. आमच्या घरात मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की पाटीवर पहिले अक्षर काढवतात, त्याला बिस्मिल्ला म्हणतात. माझ्या बिस्मिल्लाची पाटी बासरच्या बाजारातून आणलेली होती, असे अम्मी सांगत असे. बासरला बसलेले मूल, मदरशातले मूल, विहारात बसलेले मूल, तिघांच्याही हातात पहिल्या दिवशी पाटीच असते. अविद्या हे डोके आणि विद्या ते फोडणारी, या उत्तराचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे.

मायला मी आणखी एकदा विचारले होते, भीती गेली ती नेमकी कधी? तिने खूप वेळ आठवले. मग म्हणाली, "ही नात पोथी वाचाया लागली तवा. ही वाचती, मी ऐकते. हिचं एक अक्षर अडत नाही." माय स्वतः अंगठा करत असे. तिची नात त्या वर्षी दहावीला होती आणि वर्षावासात रोज संध्याकाळी कंदिलाशेजारी बसून साऱ्या वस्तीला ग्रंथ वाचून दाखवत असे. वाचताना मध्ये वीज आली की मुले ओरडत. माय त्यांना गप्प करायची, आणि नातीला म्हणायची, "थांबू नको, वाच."